बाजार उठला तरी भरलेल्या बाटल्या

सकाळी डोळे उघडले की मोबाईलवर उगवत्या सूर्याचा फोटो आलेला असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, आयुष्य सुंदर आहे. माझं डोकं फिरतं. ज्या काकांनी तो पाठवलेला असतो त्यांच्या दारची नाली पोळ्यापासून तुंबलेली असते आणि त्याबद्दल त्यांनी कुणाला एक ओळ लिहिलेली नसते. अशा फोटोंमुळे 'प्रेरणा' हा शब्दच मी टाकून दिला होता. तरी आज तो लिहावा लागतोय. कारण माझं डोकं ठिकाणावर आणलं ते एका फोटोनेच, आणि तो काढला लग्नाचे अल्बम आणि अर्जाला लावायचे फोटो काढणाऱ्या माणसाने. त्याचे, त्याच्या बायकोचे आणि बाजारातल्या एका मावशीचे उपकार माझ्यावर आहेत. ते मान्य करायला हे लिहितोय.

मी पत्रकं लिहितो. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून लिहितो. पत्रकाची चाल ठरलेली: वर 'जाहीर', मध्ये तीन प्रश्न, खाली 'अन्यथा तीव्र आंदोलन'. वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, रडू आलं तर आणखी उत्तम. एवढंच मला शिकवलं होतं आणि एवढंच मला यायचं.

आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की त्या एका गावाची बदनामी होईल आणि बाकीचे बाजार सुटतील. सकाळी सातच्या एसटीने बायका टोपल्या घेऊन उतरतात, जागा धरतात आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलत नाहीत. डोक्यावर छप्पर नाही, बसायला ओटा नाही, आणि सगळ्या बाजारात पाण्याचा एक नळ नाही. या नळावर मी पत्रक काढायचं ठरवलं.

मावशी रांगेत तिसरी बसायची. वांगी, भेदरं आणि सांबार, म्हणजे टोमॅटो आणि कोथिंबीर, विकायची. साठीची असेल. भर दुपारी मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मोबाईलवर फोटो काढला. ओठ सुकलेले, पदराचं टोक दातात, नजर कुठेतरी लांब. मला जे पाहिजे होतं ते मिळालं. विचारलं वगैरे नाही. चळवळीच्या कामाला कसली परवानगी? घरी जाऊन रंग काढून टाकले. काळापांढरा केला की दुःख वाढतं, हे मला कुठून कळलं होतं कोण जाणे. वर लिहिलं, 'तहानलेली माय'. खाली नळाची मागणी.

छपाईला गोंदियाला गेलो. छापखान्यातले चाचा म्हणाले, "भैया, फोटो फीका लग रहा है. बॉर्डर डाल दूं?"

"डालो. मोटी डालो. काली."

त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "कब की बात है?"

"कल की. बाजार में."

"बहुत बुरा हुआ."

"बुरा तो है ही, चाचा," मी म्हणालो, आणि मनात म्हणालो, बघा, पत्रक छापायच्या आधीच काम करायला लागलं.

त्याच संध्याकाळी ती पत्रकं एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवली. ज्या भिंतीवर गावात कुणी गेलं की श्रद्धांजलीचे कागद लागतात त्याच भिंतीवर. आमच्याकडे असा कागद कुणी वाचत बसत नाही. काळी चौकट बघतात, आतला चेहरा ओळखतात, अरेरे म्हणतात आणि गाडीत चढतात. कुणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि तो चिचगडकडच्या एका गावात पोचला. मावशीचं माहेर तिथलं.

बाई मेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. शनिवारी सकाळी मावशीचा भाऊ, भावजय आणि भाचे छोटा हत्ती टेम्पो भाड्याने करून, नवं हिरवं लुगडं घेऊन आले.

पुढचं मी पाहिलं नाही, पण तिच्या गावातल्या प्रत्येकाने ते मला करून दाखवलं आहे. मावशी अंगणात सुपाने लाखोरीची डाळ पाखडत होती. गल्लीच्या तोंडाशी भावजयीने हंबरडा फोडला. मावशीला वाटलं, आळीत कुणीतरी गेलं. तिने सूप ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि लगबगीने बाहेर आली.

"कोण गेलं वो?"

"तूच तं गेली ना वो बाई!" भावजय म्हणाली आणि रस्त्यातच बसली.

मी माफी मागायला गेलो तेव्हा अंगणात सगळे होते. भाऊ खाटेवर आडवा, कपाळावर ओला फडका. मावशीने मला दारातच पाहिलं.

"ये. मले जाळून झालं का?"

"मावशी, चुकलं माझं."

"डोक्याले कावळा शिवला तं लोक माहेरी मेल्याचा खोटा निरोप धाडतात. रडून घेतलं की बला टळते म्हणतात. मले तं कावळाबी नाई शिवला. तू शिवला."

सगळे हसले. भाचे तर भिंत धरून हसले. मी बोलायला लागलो की माझा उद्देश, बाजारातल्या महिलांचा प्रश्न, प्रशासनाची उदासीनता. तिने हात वर केला.

"उद्देश ठेव तिकडं. माहा भाऊ बीपीचा हाय. रस्त्यात त्यालेच काई झालं असतं तं? त्याचा फोटो कोण्या भिंतीवर लावला असता तू?"

आता कुणी हसलं नाही.  

मग तिने सांगितलं की भाऊ अजून भितो, बहिणीचा तो काळा चेहरा त्याच्या डोळ्यासमोरून जात नाही. "आता रंगीत काढ. हासत काढ. अन् जिथं काळा लावला तिथंच लाव. त्याले जाताना दिसला पायजे."

"काढतो, मावशी. आणि लुगड्याचं..."

"त्याचं काय? तो वापस घेऊन चालला होता. म्या म्हटलं, ठेव. मेल्यावर आणशील ते म्या पायणार हाय का?"

भावाला सोमवारच्या गाडीने निघायचं होतं. तिने त्याला गुरुवारपर्यंत ठेवून घेतला.

स्टँडसमोरच्या स्टुडिओची मी आधी फार चेष्टा करायचो. तिथल्या फोटोग्राफरांना सगळे भाऊ म्हणतात. मागचा पडदा त्यांनी स्वतः रंगवलेला आहे. त्यात धबधबा आहे, धबधब्याशेजारी नारळाची झाडं आहेत आणि नारळांच्या मागे बर्फाचे डोंगर आहेत. त्या पडद्यासमोरच्या फोटोंवर आमच्या तालुक्यातली अर्धी लग्नं जमली. मी त्यांच्या काउंटरवर माझं पत्रक ठेवलं आणि घडलेलं सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी पत्रक उचलून उजेडात धरलं.

"उभ्यानं काढला ना?"

"हो."

"ती बसली होती, तू उभा होता. वरून पाहिलं की कोणबी बिचारंच दिसते. माह्या बापालेबी वरून काढला तं भिकारी दिसन. खाली बसाचं असते, बाबू."

चौदा वर्षांच्या शाळाकॉलेजात आणि चार वर्षांच्या शिबिरांत कुणी मला इतक्या कमी शब्दांत इतकं नीट झापलं नव्हतं. मला रागच आला. आभार मानायचं सुचलं ते नंतर.

गुरुवारी बाजार उतरणीला लागल्यावर मावशी स्टुडिओत आली. आल्या आल्या कुणाशी न बोलता आतल्या दारातून मागे गेली. स्टुडिओच्या मागेच भाऊंचं घर आहे. परत आली ती हिरवं लुगडं नेसूनच. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, पाण्याचा गडवा आणि पेला पुढे केला. मावशी एकामागून एक तीन पेले प्यायली. मी तेव्हा बाकावर बसून नव्या पत्रकाचा मजकूर मनात जुळवत होतो. समोर जे चाललं होतं ते बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.

मावशीची पिशवी स्टुलाजवळ होती. भाऊंनी ती बाजूला करायला उचलली आणि आतली बाटली हातात घेतली. "मावशी, हे तं सकाळचीच भरलेली दिसते."

"राहू दे गा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाऊंनी बाटली स्टुलावर ठेवली, प्रकाश बघायला म्हणून एक फोटो काढला, मग बाटली उचलून मावशीला बसवलं. ते कुणाला 'हसा' म्हणत नाहीत. म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी फक्त विचारलं, "तुहा भाऊ आला तवा तू का म्हणाली होती?"

"कोण गेलं वो?" मावशी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. पदर खाली आला त्या क्षणी भाऊंनी फोटो काढला.

तो फोटो मी स्टँडच्या भिंतीवर लावला. त्याखाली एक शब्द लिहिला नाही. भावाने जाताना बसच्या खिडकीतून तो पाहिला आणि हात जोडले. फोटोला जोडले की मला, ते कळलं नाही. मी आपले परत जोडले.

पण खरी गोष्ट त्या आधीच, मावशी स्टुडिओतून गेल्यावर झाली. वहिनी गडवा उचलता उचलता म्हणाल्या, "भाऊजी, तुमी पत्रकात नळ मागितला ना?"

"हो."

"कोणाले पायजे होता नळ?"

"बाजारातल्या बायांना."

"मावशी आधी मागं गेली, मंग पाणी पेली. दिसलं नाई का तुमाले?"

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"सकाळी सातच्या गाडीनं येते. तवापासून घशात थेंब नाई. पाणी सगळ्या घरून आणतात, पण पेत नाईत. पेलं तं जायचं कुठं? आधी नाल्याकडं जात होत्या. तिथं प्लॉट पडले, भिंत झाली. चार-पाच जणी माह्याकडं येतात. बाकीच्यांनी का करावं? पाळीच्या दिवसांत तं कितीक जणी बाजारच बुडवतात."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच उत्तर द्यावं. मग स्वतःच दिलं. "तुमाले कायले सांगतीन?"

भाऊंनी कॅमेऱ्याची स्क्रीन माझ्याकडे वळवली. तो प्रकाश बघायला काढलेला फोटो. मागे त्यांनी रंगवलेला धबधबा धो धो कोसळतोय, समोर रिकाम्या स्टुलावर एक प्लास्टिकची बाटली, तोंडापर्यंत भरलेली. खिडकीचा उजेड तिच्यातून जाऊन स्टुलावर पडलाय. दुसरं काही नाही.

 माझ्या 'तहानलेली माय'मध्ये सगळं होतं: सुकलेले ओठ, काळी चौकट, तीन प्रश्न, आंदोलनाचा इशारा. फक्त खरं नव्हतं. भरलेली बाटली जवळ घेऊन जी बाई तहानलेली बसते तिला मी पाणी मागत होतो. तेही तिच्या नावाने, तिला न विचारता. मला दुसऱ्यांचा राग करायची सवय आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो योग्य पत्त्यावर गेला.

भाऊ म्हणाले, "लाज वाटून राहिली का? वाटू दे. पण काम कर."

पुढच्या गुरुवारी मी मावशीसमोर गेलो आणि उकिडवा बसलो. सांबाराच्या जुड्यांपलीकडे तिचा चेहरा माझ्या बरोबरीने आला. बाजारात मुतारी मागायची आहे, त्याला फोटो पाहिजे, काढू का, असं विचारलं.  शेजारणी ऐकत होत्या. एक हसली, एकीने तोंड झाकलं.

"थोबाड एकीचंबी नाई पायजे," मावशी म्हणाली. "बाटल्या काढ."

"चालेल."

"अन् छापाच्या आधी आमाले वाचून दाखव. सगळं."

संध्याकाळी बाजार उठताना तिने रांगेत निरोप फिरवला. बायकांनी रिकाम्या टोपल्या समोर मांडल्या आणि प्रत्येकीने टोपलीशेजारी आपली बाटली ठेवली. थंड पेयाच्या जुन्या बाटल्या, तेलाची धुतलेली कॅन, एक स्टीलचा डबा, एक नातवाची शाळेची बाटली, जिच्यावरचं चित्र पुसून गेलेलं. काही अगदी गळ्यापर्यंत भरलेल्या, काही दोन घोट कमी. भाऊ कोबीच्या पानांत आणि चिखलात सरळ मांडी घालून बसले. सूर्य समोरून येत होता. टोपल्या काळ्या पडल्या आणि बाटल्या पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. दिवसभराचं सगळं विकलं गेलं होतं. पाणी तेवढं उरलं होतं.

मला त्याखाली दोन पानं लिहायची होती. लिहिलीसुद्धा. मावशीच्या अंगणात पाच-सहा जणींसमोर वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीला मावशी म्हणाली, "हे 'महिला प्रसाधनगृह' का होय?"

"मुतारी, मावशी. लिहिताना जरा..."

"तुले लिवाले लाज वाटते. अन् आमी दिवसभर दाबून बसतो ते चालते?"

मी ते खोडलं. मग त्यांनी आणखी खोडायला लावलं. 'शोषित' गेलं, 'उदासीन' गेलं, 'तीव्र' गेलं. शेवटी उरलं ते एवढं: 'बाजार उठला. पाणी तसंच आहे. बाजारात बायांसाठी मुतारी बांधा.' मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक ते, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही.

ते घेऊन आम्ही कचेरीत गेलो. कोणती कचेरी ते जाऊ द्या. साहेबांनी फोटो हातात घेतला, चांगला आहे म्हणाले, कॅमेरा कोणता असं विचारलं. मग म्हणाले की जागेचा प्रश्न आहे, आणि तसंही बायकांनी पाणी प्यायला हवं, न पिणं तब्येतीला बरं नाही. माझ्या तोंडात जुनी सगळी वाक्यं आली. मावशीने माझी बाही धरून ठेवली होती म्हणून मी गप्प राहिलो.

बोलली ती कोपऱ्यातल्या टेबलावरची क्लार्क बाई. फाईलमधून मान वर न काढता. "सर, मी पण नाही पीत. इथं आपल्या लेडीज टॉयलेटमध्ये जुन्या फायली भरल्यात ना. वर्ष झालं."

 साहेब एकदा तिच्याकडे, एकदा मागच्या बंद दाराकडे बघत राहिले. मावशी तिच्याजवळ गेली आणि खांद्यावर हात ठेवला. "माय माय," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात फायली हलल्या. बाजाराची जागा मोजायला माणूस यायला आणखी बऱ्याच खेपा लागल्या, आणि प्रत्येक खेपेला बायका गेल्या. मी मागे असायचो. क्लार्क बाई आतून सांगायची, आज कागद कुठवर आला ते.

उन्हाळ्यात बाजाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांची मुतारी उभी राहिली. दारं आहेत, आतून कड्या आहेत. कड्या आहेत का हे मावशीने बांधकाम चालू असताना तीनदा बघितलं. ज्या दिवशी ती उघडली त्या दिवशी नारळ फोडायला कुणी आलं नाही, फोटोही निघाला नाही. भाऊ एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते. मावशीने आधी दिवस गेलेल्या एका पोरीला पुढे केलं. मग रांग लागली, मग रांगेत भांडण लागलं, मग साफसफाईच्या पाळ्यांवरून त्याहून मोठं भांडण लागलं. वहिनी मध्ये पडल्या आणि कागदावर पाळ्या लिहून दिल्या. मी एका बाजूला उभा राहून हे सगळं ऐकत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. माझ्या कुठल्याही सभेत लोक इतकं जीव तोडून बोलले नव्हते.

घोळ एकच होता. टाकी वर बसवली होती, पण तिला पाणी जोडलं नव्हतं. कचेरीवाले पुढच्या आठवड्यात जोडतो म्हणाले. मी खिशातून पेन काढला. जुनी खोड.

"ते मंग लिवजो," मावशी म्हणाली आणि दोन बादल्या माझ्या हातात दिल्या. "आधी पाणी आण. दारापाशी ठेव, अंदर येऊ नको."

"किती आणू?"

"म्या बस म्हणीन तवर."

"आणि पत्रक?"

"पत्रकानं धुवाचं का? जा ना बापा, पोरी थांबून राहिल्या."

बाजारापलीकडच्या हातपंपावर आधीच तिघं होते. त्यातल्या एकाने विचारलं, कोणाच्या घरी लग्न आहे? मी म्हणालो, कुणाच्या नाही, बाजारातल्या मुतारीत न्यायचं आहे. त्याने एकदा बादल्यांकडे बघितलं, मग स्वतःची कळशी सरकवून मला पुढे घेतलं आणि दांडा हाणायला लागला.